दुसऱ्या मंडळाला दिलेला नकार

हर्षा निमगडे आमच्या कॉलेजात ग्रंथपाल आहेत. मी तिथेच ऑफिसात लिपिक. वीस-एकवीस वर्षं झाली, त्यांची लायब्ररी आणि माझं ऑफिस एकाच व्हरांड्यात आहे. त्यामुळे बाईंना मी बराच ओळखतो असं मला वाटायचं. गेल्या पावसाळ्यापूर्वीच्या पावसाळ्यात जे झालं, त्यानंतर जरा जास्त ओळखायला लागलो. स्वतःलाही.

त्यांचे वडील बल्लारपूरला कामगार होते. मुलीनं शिकावं म्हणून त्यांनी तिला चंद्रपूरच्या एका वसतिगृहात ठेवलं. तिथल्या मुलींचं एक मंडळ होतं. संक्रांतीला, गौरीला त्या एकत्र जमायच्या, सहलीला जायच्या. निमगडेंच्या हर्षाला कोणी कधी नको म्हटलं नाही, फक्त बोलावलं नाही. तीन वर्षं. कार्यक्रम असला की ती अभ्यासाचं निमित्त काढून खोलीत बसायची. हे त्यांनी मला एकदा चहा पिताना सांगितलं होतं, आणि लगेच विषय बदलला होता.

म्हणून आमच्याकडे लागल्यावर दुसऱ्याच वर्षी त्यांनी ‘मैत्री मंडळ’ काढलं. कोणत्याही जातीची, कोणत्याही घरची मुलगी त्यात येऊ शकते, असं पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं. मंडळानं कामंही केली. शेवटची एसटी चुकलेल्या मुली बाईंच्या घरी झोपायच्या. एका मुलीचं लग्न परीक्षेच्या आठवड्यात ठरलं, तेव्हा बाई सात-आठ मुलींना घेऊन तिच्या बापाकडे गेल्या आणि तारीख पुढे ढकलून आल्या. हळूहळू मंडळाला मान आला. मंडळाची एकसारखी मोरपंखी साडी आली, स्नेहसंमेलनाला पुढची रांग आली. मुली फार व्हायला लागल्या तसा बाईंनीच एक नियम घातला: नवीन मुलीला दोन जुन्या सभासदांची शिफारस पाहिजे. शिस्तीसाठी. त्या नियमाचं पुढं काय झालं, ते त्यांनी पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही.

जुलैमध्ये माझ्या टेबलावर एक अर्ज आला. अकरा मुलींच्या सह्या होत्या. एटापल्ली, भामरागडकडच्या माडिया आदिवासी मुली, आमच्या वसतिगृहात राहणाऱ्या. त्यांना कॉलेजात मुलींचं दुसरं मंडळ काढायचं होतं. सर्वांत वर सही होती सोमारी पुंगाटीची, बी.ए. शेवटचं वर्ष.

अर्ज मी आधी बाईंना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला.

“दुसरं काऊन पाहिजे यांले?” त्या म्हणाल्या. “मंडळ आहे नं. मी कोणाले कधी नाई म्हटलं, खुशालभाऊ?”

त्यांना लागलं होतं. त्या दिवशी त्यांनी डबाही उघडला नाही.

चार दिवसांनी प्राचार्यांच्या केबिनमध्ये बैठक झाली. प्राचार्य, दोन प्राध्यापक, बाई, इतिवृत्त लिहायला मी, आणि मुलींच्या वतीनं सोमारी. बाई येताना संमेलनाचा अल्बम घेऊन आल्या होत्या. त्यांनी एक फोटो काढून प्राचार्यांपुढं ठेवला. सहा मुली हातात हात गुंफून रेला, हा तिकडचा नाच, नाचत होत्या.

“आमच्या मंडळात तिकडच्या मुली नाहीत असं कोण म्हणतं? बघा सर, आमच्या मंडळाचाच कार्यक्रम आहे हा.”

प्राचार्यांनी चष्मा वर केला. त्यांच्या मनात काही नसावं. सहज विचारलं, “वा. नावं काय यांची?”

बाईंनी फोटो स्वतःकडे वळवला. “ही... ही सोमारी.”

“ती मी नाई, मॅडम,” सोमारी म्हणाली. “ती सीता आहे. मी त्या दिवशी गावाले होती.”

बाईंनी पुढच्या मुलीवर बोट ठेवलं. बोट तिथंच राहिलं. शेवटी सोमारीनं खुर्ची जवळ ओढली आणि डावीकडून उजवीकडे सहाही नावं सांगितली, गावांसकट. मग म्हणाली, “नाचाले बोलावलं होतं, सर. नाचून झाल्यावर पंगत वाढाले थांबवलं. सभासद करा म्हटलं तं शिफारस आना म्हणाले. आमची शिफारस कोण करन? मंडळात आमच्या ओळखीची कोणीच नाई. दोन वर्षं इचारून राह्यलो.”

तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, आम्हाला तिला गप्प करता आलं असतं.

प्राचार्य बाईंकडे वळले. “मॅडम, या विषयातलं तुम्हाला जास्त कळतं. तुम्ही म्हणाल तसं करू.”

बाईंचा चेहरा लाल झाला होता. त्या खाली बघत म्हणाल्या, “एक मंडळ असताना दुसऱ्याची गरज नाही. कॉलेजात गट पडतील.”

नंतर त्यांनी मला सांगितलं, “पोरगी खरं बोलून राह्यली हे मले त्याच मिनटाले कळलं होतं. तरी तोंडातून नाईच निघालं. एवढ्या लोकांत माझं बोट त्या फोटोवर अडकलं होतं, त्याचा राग मी तिच्यावर काढला.”

आणि मी इतिवृत्तात लिहिलं: अर्ज सर्वानुमते नामंजूर. सोमारीला कोणी मत विचारलं नव्हतं, आणि मला तर बिलकुलच नव्हतं. मी लिहिलं आणि सह्या घेतल्या.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सोमारी लायब्ररीत दोन पुस्तकं परत करायला आली. कार्डावर नाव होतं निशा वड्डे, पहिलं वर्ष. मी तेव्हा वर्तमानपत्र वाचत तिथंच बसलो होतो.

“ती स्वतः काऊन नाई आली?” बाईंनी विचारलं.

“गेली ती, मॅडम. गावाले. आता नाई येत.”

निशाला मराठी जेमतेम यायचं. वसतिगृहात हजेरीला नाव पुकारलं तर तिला वेळेवर ‘हजर’ म्हणता यायचं नाही, मग मुली हसायच्या. तिला ताप आला. चार दिवस ती पांघरूण घेऊन पडून राहिली, कोणाला काय सांगावं ते तिला समजलं नाही. सोमारीची खोली दुसऱ्या इमारतीत. तिला कळलं तोवर निशा पहाटेच्या बसनं निघून गेली होती.

“आमी मंडळ याच्याचसाठी मागून राह्यलो होतो,” सोमारी म्हणाली. “नवी पोरगी आली का पयला महिना तिच्या खोलीत आमच्यातली एक राहीन. कॉलेजनं परवानगी देल्ली तं वॉर्डनबाई खोली बदलू देते. बस, एवढंच.”

अर्जात हे लिहिलेलं होतं. तिसऱ्या परिच्छेदात. बाईंनी दोनदा वाचलेला अर्ज.

त्याच शनिवारी बाई निशाच्या गावाला निघाल्या. सोमारीला त्यांनी विचारलं, ती येते म्हणाली. आलापल्लीपर्यंत एसटी, पुढं दुसरी एसटी, शेवटी चार किलोमीटर चिखलातून पायी. तिथं काय झालं ते मला बाईंनीच सांगितलं, पुढं दोन-तीन वेळा, दर वेळी तेवढंच.

भाताची रोवणी चालू होती. निशा बांधीत, भाताच्या खाचरात, पोटरीभर चिखलात उभी होती, आई आणि इतर बायांसोबत. बाई बांधावर उभ्या राहून मराठीत बोलल्या. ताप उतरला का, परत ये, मी आहे, माझ्या घरी राहा. निशा माडियात काहीतरी म्हणाली. बाया हसल्या. त्या आपल्यालाच हसल्या की दुसऱ्या कशाला, हे बाईंना कळायला काही मार्ग नव्हता. घाम पुसत त्या सोमारीकडे बघत राहिल्या.

“ती म्हणते, नाई येत. इथी बरं आहे म्हणते.”

“तिले सांग, माझी चूक झाली. मंडळाले मीच नाई म्हटलं होतं, ते सांग.”

“हे मी नाई सांगत, मॅडम. तुमचं तुमी सांगा.”

बाईंजवळ त्या भाषेतला एकही शब्द नव्हता. एकवीस वर्षं ज्या मुलींना पुस्तकं दिली, त्यांच्या भाषेत माफ कर म्हणायला काय म्हणतात हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी हात जोडले. आईच्या वयाची बाई हात जोडून उभी आहे हे बघून निशाच बावरली. तिनं मान खाली घातली, रोपांची पेंडी उचलली आणि वाकून पुढं रोवायला लागली. तिच्या आईनं बाईंना घरी नेऊन पाणी दिलं, भात वाढला. बाई जेवल्या. न जेवणं आणखी वाईट दिसलं असतं, म्हणाल्या.

सोमवारी त्या माझ्या टेबलाशी आल्या. “त्या दिवशीचं इतिवृत्त बदला.”

“सह्या झालेलं इतिवृत्त बदलता येत नाही, मॅडम.”

“मंग नवीन बैठक लावा.”

त्यांनी हातानं अर्ज लिहिला: मागील बैठकीत मी दिलेलं मत चुकीचं होतं आणि ते चुकीचं आहे हे मला देताना माहीत होतं. प्राचार्य म्हणाले, दुसरं वाक्य काढा, कशाला उगाच. बाईंनी काढलं नाही.

सप्टेंबरात दुसऱ्या मंडळाला परवानगी मिळाली. मुलींनी नाव ठेवलं ‘सोबत’. प्रभारी म्हणून बाईंनी स्वतःचं नाव सुचवलं, तेव्हा सोमारी हळूच म्हणाली, “नको मॅडम. दुसऱ्या कोणी चालतील.” भूगोलाच्या नवीन मॅडमना ते काम दिलं. मैत्री मंडळातला शिफारशीचा नियम बाईंनी रद्द केला, त्यावरून जुन्या मुली महिनाभर फुगून होत्या.

उद्घाटनाला प्राचार्यांनी भाषणात म्हटलं की निमगडे मॅडमच्या मोठ्या मनामुळे हे मंडळ उभं राहिलं. टाळ्या वाजल्या. बाई मागच्या रांगेतून उठल्या.

“सर, तसं नाही,” त्या म्हणाल्या. “मी आधी नाही म्हटलं होतं. त्यात एक मुलगी शिक्षण सोडून गेली.”

मला वाटलं, आता कोणीतरी उठून त्यांना सावरेल, असू द्या म्हणेल. सूत्रसंचालन करणाऱ्या सोमारीनं हातातला कागद पाहिला आणि पुढच्या मुलीचं नाव पुकारलं. कार्यक्रम पुढं चालू झाला. बाई थोडा वेळ उभ्याच होत्या, मग बसल्या.

यंदा पहिल्या वर्षाला माडिया मुली नऊ आल्या, नऊही टिकून आहेत. निशा फेब्रुवारीत गावच्या बायांसोबत तेलंगणात मिरची तोडायला गेली, असं त्या फोटोतल्या सीतानं लायब्ररीत सांगितलं. बाईंनी विचारलं, “कोणत्या गावाले?” सीताला माहीत नव्हतं. बाईंनी मान हलवली आणि रांगेतल्या पुढच्या मुलीचं पुस्तक हातात घेतलं.