रिकाम्या काचेवरचा हिरवा

प्रयोगशाळेच्या दिवसांबद्दल कुणी विचारलं की मी सूक्ष्मदर्शकाचं कौतुक सांगत बसतो. त्यावर काम करणाऱ्या आमच्या मदतनीस ताईंचा विषय इतकी वर्षं मी मुद्दाम टाळला.

दोन हजार सालानंतरची, सेवाग्रामजवळची गोष्ट. धनुर्वाताच्या जंतूचं विष चेतापेशीत शिरून तिथलं एक प्रथिन तोडतं. ते अडवणारं औषध आम्ही शोधत होतो. पेशींवर विष आणि औषध दोन्ही घालायचं, मग एक रंग लावायचा. प्रथिन शाबूत असेल तर पेशी हिरवी चमकायची, नाहीतर अंधार. ताई आंजीहून एसटीनं येत आणि दिवसभर पेशींचे फोटो काढून हिरव्या तेवढ्या मोजत. "अवो बाई, तू काऊन रुसली?" असं ऐकू आलं की समजायचं, आणखी एक पेशी गेली.

एका औषधानं सगळं हिरवंगार झालं. मी पेढे मागवले. ताईंनी पेढा हातातच धरला.

"सर, पेशी नाई तिथंबी हिरवंच दिसून राह्यलं. औषधच चमकते वाटते."

"ताई, पेढा खा. तुमचे डोळे थकलेत."

"कालपर्यंत तं घारीची नजर म्हनत होते!"

सगळे हसले. मला ते लागलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना काचसामान धुवायला बसवलं आणि सगळ्यांना सांगितलं, त्यांच्या मोजणीत चुका होतात. त्या जाता-येता सूक्ष्मदर्शकावरचं कापड तेवढं नीट करत.

वर्षभरानं त्यांनी नोकरी सोडली. त्यानंतर कधीतरी मी पेशी न घालता नुसतं औषध काचेवर ठेवून पाहिलं. पाच मिनिटांचं काम. रिकामी काच हिरवी चमकली. अहवालात मी 'तांत्रिक दोष' असं लिहिलं.

मग पिपरी मेघेला त्यांच्या नव्या घरी गेलो. वाक्य वाटेत पाठ केलं होतं.

"सर, ते औषध आलं का कामी?" चहा देत त्यांनी विचारलं.

"नाही."

"अरेरे! किती मेहनत केली तुमी." मग म्हणाल्या, "मी डोये दाखवले. डाक्टर म्हने, काईच नाई. पन तुमी म्हनलं म्हनजे असनच काहीतरी."

चहा छान झालाय, एवढंच मी बोललो. आता त्या नाहीत. पाठ केलेलं वाक्य असं होतं: ताई, तुम्हाला दिसलं तेच खरं होतं, मी न तपासताच तुम्हाला खोटं पाडलं, मला माफ करा.