देवांना वळसा घालून गेलेला रस्ता

दरेकशाजवळच्या आमच्या गावात जंगलाचे साहेब आले नि म्हणाले, जंगल तोडणार नाही, निवडून तोडणार. पिकलेला साग तेवढा काढायचा, बाकीच्या झाडांना मोकळी हवा मिळेल. आमचं जंगल कधी गुदमरलं होतं, हे आम्हालाच ठाऊक नव्हतं. तरी माना डोलावल्या. साहेबासमोर मान डोलवायला कोणाचं काय जातं?

खरी भीती मोहाची होती. जंगल सरकारचं, पण त्यातला कोणता मोह कोणत्या घराचा, हे आजा-पणजापासून ठरलेलं. उपाशी राहिलं तरी दुसऱ्याच्या झाडाखाली फूल वेचायचं नाही. आमचा एकच मोह होता, आणि बाप गेल्यावर मायनं त्याच्यावरच घर चालवलं.

गावानं डोकं लढवलं. देवाच्या झाडाला कोण हात लावतो? मग काय, जो तो तेल-शेंदूर घेऊन जंगलात. शेजारच्या काकीनं आपल्या मोहाला शेंदूर फासला, बुडाशी धोंडा मांडला आणि उरलेला शेंदूर मायकडे आणला. आमचं घर बौद्धाचं. झाडासाठीसुद्धा मी हे करणार नाही, असं मायनं सांगून टाकलं. मी चिडलो. रंगच तर लावायचाय, म्हटलं. ऐकेल ती माय कसली!

तोड सुरू झाली. साहेब शब्दाचे पक्के. हातोड्याचा शिक्का मारलेला सागच पाडला. आता तो पडताना आजूबाजूची पाच-दहा झाडं घेऊन पडे, त्याला साहेब काय करणार? ती निवडलेली नव्हती, म्हणजे ती तुटलीही नव्हती. मग लाकूड न्यायला ट्रकचा रस्ता आला. रस्ता काढणारे देवभोळे, शेंदूर दिसला की वळसा घालत. असा एकेका देवाला मान देत रस्ता वाकडातिकडा आला आणि आमच्या मोहावरून सरळ गेला.

मी तणतणत साहेबाकडे गेलो. साहेब शांतपणे म्हणाले, "तुमचं झाड आम्ही तोडलंच नाही. ते रस्त्यात आलं."

मोहाचं झाड चालत रस्त्यात येतं, हे मला तेव्हा कळलं.

पुढच्या चैतात माय सवयीनं टोपली घेऊन निघाली. मीही गेलो. तोड संपून ट्रकचा रस्ता ओस पडला होता, आणि आमच्या मोहाच्या जागी रायमुनियाचं काटेरी रान माजलं होतं. पलीकडे काकी तिच्या मोहाखाली वेचत होती. एव्हाना तिथं नारळ फुटू लागले होते.

काकीनं हाक मारली, "ये वो बाई, माह्या झाडाखाली वेच. फक्त आधी देवाले हात जोड."

"मोहाले जोडीन," माय म्हणाली. "शेंदराले नाही जोडत."

"आता वेगळं कसं करू वो?" काकी रडवेली झाली. स्वतःच फासलेल्या शेंदराची तिला खरोखर भीती वाटत होती.

माय रिकामी टोपली घेऊन फिरली. मला त्या साहेबाचा आणि त्या देवाचा सारखाच संताप आला. त्या वर्षी सालेकशाच्या बाजारात, जिथं ती दरवर्षी मोहफूल विकायला बसायची, तिथं मायनं उभं राहून मोहफूल विकत घेतलं.