आठ दिवस आधीची सुई

तीन वर्षं मी प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या माद्यांच्या योनिमार्गातून बारीक काडीवर स्राव घेत होते. जंतुसंसर्ग झाला की शरीर त्याच्याशी कसं लढतं, आणि आमची लस आधी दिली तर ते लवकर जिंकतं का, एवढाच प्रश्न. उस्मानपुऱ्याच्या घरी आई विचारायची, "आज काय केलंस?" मी "उंदीर" एवढंच सांगायची. बाकीचं जेवताना सांगण्यासारखं नव्हतं.

शोधनिबंध छापून आला. त्यात प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांचं नाव होतं, त्यांच्या मेहुण्याचं होतं, माझं नव्हतं. मेहुण्यानं पिंजऱ्यात कधी हात घातला नव्हता. मी विचारलं तर सर म्हणाले, "तू नुसतं हातकाम केलंस गं." त्या दिवसापासून मला वचपा काढायचा होता, हे कबूल करते.

पुढचा प्रयोग त्यांनी माझ्याशिवाय केला. पिंजरे सांभाळणारे मामा शहागंजहून सायकलवर यायचे. प्रयोग संपत आला तेव्हा चहा पिताना ते म्हणाले, "ताई, ह्या टायमाला आठ दिवस आधीची सुई कुणी दिलीच नाय."

ती सुई हार्मोनची, जंतू सोडायच्या आठ दिवस आधी द्यायची. ती दिल्याशिवाय माद्यांना हा संसर्ग धड लागतच नाही. माझ्या वहीत हे पहिल्याच पानावर लाल शाईनं लिहिलं होतं. वही सरांच्याच कपाटात होती. त्यांनी तिच्यातले शेवटचे तक्ते तेवढे उतरवून घेतले होते.

सर ज्या परिषदेत हा प्रयोग मांडणार होते, तिला अजून महिना होता. मी सांगितलं नाही. उंदीर फुकट गेले याचं वाईट वाटलं, सरांचं अजिबात नाही.

परिषदेत सरांनी ऐटीत तक्ता दाखवला. पाहुण्या म्हणून आलेल्या एका बाईंनी हात वर केला. "लस न दिलेल्या माद्याही निरोगीच दिसतात. मग लसीनं केलं काय?"

सरांनी आधी मेहुण्याकडं पाहिलं, मग तिसऱ्या रांगेत माझ्याकडं. "अगं, सांग ना यांना."

मी उठले. ओढणी नीट केली.

"मी काय सांगणार, सर? मी नुसतं हातकाम करायचे. या वेळी तर तेही मी केलं नाही."

आणि खाली बसले.