घंगाळातला गाळ

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. आहे, हे चांदीपमधल्या माझ्या सासरी गुरावासरांनाही ठाऊक आहे. मीच ऐकवलंय. त्यामुळे उन्हाळ्यात गावच्या तळ्यातला गाळ काढला आणि सासरे दरवर्षीसारखे तो भाजीच्या वाफ्यांत टाकायला निघाले, तेव्हा मी आडवी आले. तळ्याला मिळणाऱ्या ओढ्याकाठी आता कारखाने झालेत. गाळात शिसं, क्रोमियम, काय काय असेल! तपासल्याशिवाय टाकायचा नाही.

"तपास बाय," सासरे म्हणाले. "शिकलेली हायस तू."

प्रयोगशाळेने बजावलं होतं, नमुना लोखंडी घमेल्यात वाळवू नका, प्लास्टिकचा टब घ्या. प्रदूषण तपासायचं आणि प्लास्टिकमध्ये? डोंबल! मी माहेरचं तांब्याचं घंगाळ काढलं. घरात त्याहून शुद्ध भांडं नव्हतं.

रिपोर्ट आला. बाकी सगळं आटोक्यात, तांबं मात्र मर्यादेच्या कितीतरी वर. मी ओटीवर उभी राहून वाचून दाखवलं. खोटं कशाला बोलू, मनातून खूश होते.

सासऱ्यांनी वाफ्यांचं नावही काढलं नाही. "गेल्या सालचा गाळ पन याच तळ्यातला," ते म्हणाले. "नात त्याच वाफ्यातला माठ खाते. तिला काय व्हईल?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी उभा माठ उपटून खड्ड्यात पुरला. मग रोज माझ्या लेकीला जवळ बोलवायचे, "पोटात दुखतं का गं?" सातवीतली ती, वैतागायची. "आजोबा, आय ॲम फाइन!" एरवी तिच्या इंग्रजीला खो खो हसणारा माणूस, पण आता जेवणही अर्ध्यावर आलं होतं. मला फार वाईट वाटायचं.

एका रविवारी घंगाळ घासायला घेतलं, तर तळाचा हिरवा कळंक गायब! तळ लख्ख. एवढं लख्ख मी दिवाळीलाही घासत नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. ओला गाळ आठ दिवस यातच होता, आणि वाळल्यावर मीच तो उलथन्याने खरवडून काढला होता. कळंक गाळाबरोबर गेला. तांबं तळ्यातलं नव्हतंच, माझ्या घंगाळातलं होतं. अगं बाई! एम.एस्सी. म्हणे!

सासऱ्यांना सगळं सांगून टाकलं. ते एवढंच म्हणाले, "पुन्ना तपास." या वेळी प्लास्टिकचा टब आणि लेकीचं लहानपणीचं, वाळूत खेळायचं प्लास्टिकचं फावडं घेतलं.

नवा रिपोर्ट त्यांनी तीनदा वाचायला लावला. सगळं मर्यादेत, तांबंसुद्धा.

"म्हंजे पोरीला..."

"काही होणार नाही, बाबा. काहीच नाही."

त्यांनी पंच्याने डोळे पुसले, नाक शिंकरलं, आणि मग जो आवाज चढवला! "माझा उभा माठ! कोवळा, हातभर वाढलेला! उपटायला लावलास तू! शिकलेली म्हने!" शेजारची माणसं कुंपणाशी आली. पंधरा वर्षांत सासरे मला पहिल्यांदाच ओरडत होते. मी मान खाली घालून उभी होते आणि मनात म्हणत होते, ओरडा बाबा, अजून ओरडा.