सावडीला गेलेला कागद

"आगं पण म्या इकला का त्यो? दिलाय. चार महिन्यांसाठी दिलाय."

"मामा, ती काय बैलजोडी हाय का, चार महिन्यांसाठी द्यायला?"

"मग कपाटात ठिवून त्याला काय पिलं व्हनार व्हती?"

प्रतीक्षानं अजून चपला काढल्या नव्हत्या. एका हातात सोलापूरच्या मुलाखतीला नेलेली झेरॉक्सची पिशवी, दुसऱ्या हातात कपाटातली हिरवी फाईल. फाईलचा पहिला प्लास्टिकचा कप्पा रिकामा होता. त्या कप्प्यात सकाळपर्यंत तिचा सेफ्टीचा डिप्लोमा होता. मुलाखतीला झेरॉक्स चालेल म्हणाले, म्हणून अस्सल कागद तिनं घरीच ठेवला होता. आणि दुपारी सासऱ्यांनी, धुळाप्पांनी, तो पंचाक्षरीच्या हातात दिला होता, वर दोन कप चहाही पाजला होता.

पंचाक्षरी म्हणजे आसपासच्या कारखान्यांची सरकारी कागदपत्रं करून देणारा माणूस. तामलवाडीजवळच्या एका पशुखाद्याच्या कारखान्याला तपासणीच्या वेळी दाखवायला सेफ्टी ऑफिसर हवा होता. माणूस नको होता, नाव हवं होतं. सूनबाईंनी घरीच बसायचं, महिन्याच्या महिन्याला थोडंफार येत राहील, असं त्यानं धुळाप्पांना समजावलं होतं.

धुळाप्पांना त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. बेंबळीत त्यांनी सगळा जन्म सावडीवर शेती केली. आज माझा बैल तुझ्या रानात, उद्या तुझा माझ्या. त्याला ना पावती, ना सही. दिलेला बैल कुणी बुडवल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं. कागदानं तर वैरणही खायची नव्हती.

"निदान मला फोन तरी करायचा," प्रतीक्षा म्हणाली.

"तू मुलाखतीत आसशील म्हनून न्हाय केला. झाली का मुलाखत?"

ती वाकून चपला काढायला लागली. चुलीपुढून सासूबाईंनी, म्हाळसाबाईंनी, मान वळवली. "तोंडाकडं बघा की तिच्या. इचारायचं काय त्यात?"

मुलाखत चार मिनिटांत आटोपली होती. साईटवर बाईमाणसासाठी संडास नाही, एवढंच त्या साहेबांनी सांगितलं होतं. तेही कागदातून मान वर न काढता. याआधी एकानं पाच वर्षांचा अनुभव मागितला होता. एकानं तिची निवड केली आणि मग भाच्याला घेतलं. बाकीचे उत्तरच देत नव्हते. सेफ्टीच्या नोकऱ्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता. त्यावर एक जागा पडली की खाली दोनशे जण 'इंटरेस्टेड सर' लिहायचे. तीही लिहायची. लग्नाआधी चाकणला एका बांधकामावर तिनं अकरा महिने काम केलं होतं. तिथं मजूर तिला 'हेल्मेटवाली' म्हणायचे. लग्न होऊन बेंबळीला आली त्याला आता दोन वर्षं होत आली. तिचं पिवळं हेल्मेट माळ्यावर होतं, आणि त्यात म्हाळसाबाईंनी लसूण भरून ठेवला होता.

रात्री जेवताना नवऱ्यासमोर, शिवराजसमोर, पुन्हा तोच विषय निघाला. शिवराज गावातल्या कृषी केंद्रात कामाला होता. दिवसभर गिऱ्हाइकांची कटकट ऐकून आलेला. त्यानं भाकरीचा तुकडा मोडत सगळं ऐकून घेतलं.

"आबांचं चुकलं, विचारायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "पण दोन वर्षांत तुला कुणी घेतलं का? हे तरी घेतायत."

"मला न्हाय घेतलं. माझ्या नावाला घेतलंय."

"सहीच तर करायची की."

"तेवढंच तर माझं काम हाय, अहो. सही करायच्या आधी बघायचं."

"आता ह्यात भांडन कशाचं हाय, मला तर कळंना," म्हाळसाबाई म्हणाल्या. "घरी बसून मिळतंय. घरी बसलीस तर आमालाबी कायतरी चांगली बातमी ऐकाय मिळंल."

प्रतीक्षानं ताट उचललं. भांडायचं होतं, पण अंगात त्राण नव्हतं. भांडी घासता घासता तिनं ठरवलं, उद्या जायचं आणि कागद घेऊन यायचा. बाकी काही नको.

दोन गाड्या बदलून ती तामलवाडीला पोचली तेव्हा अकरा वाजून गेले होते. कारखान्याच्या फाटकाशी पशुखाद्यात मिसळायच्या उसाच्या मळीचा गोड-आंबट वास भरून राहिला होता. फाटकाच्या आत हिरवी पाटी होती, रंग अजून ओला असावा इतकी नवी. 'सुरक्षा अधिकारी : सौ. प्रतीक्षा शि. बंडगर'. खाली मोबाईल नंबर होता, पंचाक्षरीचा.

तिनं पाटी दोनदा वाचली. आपलं नाव कुठल्या तरी पाटीवर असावं, असं तिला चाकणला असताना फार वाटायचं.

"कुणाला भेटायचंय?" वॉचमननं विचारलं.

"सेफ्टी ऑफिसर मॅडमना."

"त्या न्हायत. रजेवर हायेत."

"कधीपासून?"

"आता ते काय सांगावं. बाळंतपनाची रजा हाय म्हनं."

प्रतीक्षाला हसू आलं, आणि हसता हसता उगाच डोळ्यांत पाणी आलं. ज्या बातमीसाठी सासूबाईंनी नवस बोलला होता, ती इथं कारखान्याच्या फाटकावर परस्पर होऊन गेली होती. तिनं पदरानं डोळे टिपले आणि आपण कोण ते सांगितलं. वॉचमननं आधी तिच्या तोंडाकडं पाहिलं, मग पोटाकडं, आणि फाटक उघडलं.

ऑफिसकडं जाताना वाटेत मळीची टाकी लागली. लोखंडी, जमिनीत निम्मी पुरलेली. साफसफाई काढलेली दिसत होती. पंपानं मळी उपसून घेतली होती, तळाचा गाळ काढायचा होता. वरचं झाकण उघडं होतं आणि एक पन्नाशीचा माणूस नाकाला ओलं फडकं बांधून शिडीवर पाय टाकत होता. दुसरा वर बसून बिडी पेटवायच्या बेतात होता.

"थांबा. आधी ती काडी विझवा," ती म्हणाली. "आत हवा तपासली का कुणी? गाळाच्या वायूनं माणूस जागेवर मरतो."

शिडीवरच्या माणसानं फडकं खाली ओढलं. सिद्धाराम त्याचं नाव. "तपासली की. मॅडमनी तपासली."

"कोणत्या मॅडमनी?"

"हे बघा, सही हाय." त्यानं बादलीखाली दाबून ठेवलेला कागद काढून दिला. टाकीत उतरायची परवानगी. आजची तारीख, वेळ, 'हवा योग्य', आणि खाली प्र. बंडगर. त्यामागं उद्याचा कागद होता, त्याच्यामागं परवाचा. आठ दिवसांची हवा आधीच तपासून झाली होती. सही तिच्यासारखी नव्हती. 'प्र'ला शेपूट काढलं होतं.

"ह्या कागदावर तुम्ही उतरणार?"

"मंग? आजवर त्योबी नसायचा. औंदा सही तरी हाय." सिद्धाराम सरळपणानं म्हणाला. "शिकलेल्या मान्साची सही हाय, मंग भ्यायचं काय?"

तिनं त्याला वर घेतलं. दुसरंही झाकण उघडायला लावलं, शेडमधला मोठा पंखा ओढत आणायला लावला, आणि हवा मोजायचं यंत्र येईपर्यंत आत कुणी जायचं नाही म्हणून टाकीला दोर बांधला. तोवर मॅनेजर इंद्रजित धावत आला. चाळिशीचा, दाढी वाढलेला, दोन्ही खिशांत फोन वाजत असलेला माणूस.

"मॅडम, तुम्हाला यायची काय गरज होती?"

"माझा कागद न्यायला आले होते."

"न्या की मग. पंचाक्षरी दुसरा आणून देईल. कागदाला काय कमी आहे?"

ते मात्र खरं होतं. ग्रुपवर दोनशे जण होते. ती कागद घेऊन जाईल आणि संध्याकाळपर्यंत पाटीवर दुसरं नाव रंगवलं जाईल. सिद्धाराम दुसऱ्या कुणाच्या सहीवर आत उतरेल.

"कागद राहू द्या," ती म्हणाली. "पाटीपण राहू द्या. मी येते कामाला. न्हायतर ह्या आठ सह्या माझ्या न्हायत, असं मी तपासणीवाल्या साहेबांना लिहून देते."

इंद्रजितनं दोन्ही खिशांतले फोन बंद केले. तोही दमलेला होता, वाद घालायची ताकद त्याच्यातही नव्हती. "पंचाक्षरी जे बोललाय त्याच्या वर दमडी मिळणार नाही."

"चालंल."

"टेबल-खुर्ची नाही. वजनकाट्याच्या खोलीत बसावं लागेल."

"संडास?"

"ऑफिसचा आहे. किल्ली माझ्याकडं असते."

"एक किल्ली मला लागंल. आणि यंत्र सोमवारपर्यंत लागंल. तोवर टाकी बंद."

घरी पोचायला दिवेलागण झाली. शिवराज आलेला होता. धुळाप्पा ओट्यावर शेरडांपुढं पाला टाकत होते. त्यांनी तिच्या रिकाम्या हातांकडं पाहिलं.

"दिला न्हाय का कागद? म्या जातो उद्या. म्या दिला, म्या आनतो."

"न्हाय आणला, मामा." ती पायरीवर बसली. पाय सुजले होते. "एक सांगा, सावडीला बैल दिला की काय जातं? बैल, का बैलाचं नाव?"

"नावानं कुठं नांगरट व्हते व्हय?" धुळाप्पा म्हणाले. मग त्यांचा पाला टाकणारा हात थांबला.

तिनं टाकीचं सांगितलं, आठ दिवसांच्या सह्यांचं सांगितलं. रजेचंही सांगितलं. म्हाळसाबाईंनी तोंडाला पदर लावला, हसू दाबायला की कशाला ते कळलं नाही. शिवराज म्हणाला, "एवढ्याशासाठी रोज दोन गाड्या? अंगाचं पाणी होईल."

"आन् शेरडं कोन सोडंल? भाकरी कोन थापंल?" म्हाळसाबाईंनी विचारलं.

प्रतीक्षा उठली. स्टूल ओढून माळ्यावरचं हेल्मेट काढलं, आणि त्यातला लसूण परातीत ओतला.

"सोमवारपासून सहाच्या गाडीनं मी कामाला जाणार हाय," ती म्हणाली. "शेरडं मामा सोडतील. सकाळच्या भाकरी आत्याबाई थापतील, संध्याकाळच्या मी येऊन थापीन. माझा डबा मी करून नेईन."