रंगातल्या बाबाचा दहावा

सगुणाबाईला चौकीदार कुणी केलं, त्याच्या अकलेला माझा नमस्कार. बाई काठी कधी उचलत न्हाई. तोंडच असं, की काठीला काम उरत न्हाई. माझं चहाचं हॉटेल तिच्या खुर्चीसमोरच, म्हणून मला रोज दोन्ही कानांनी भोगावं लागतं.

झालं असं, माझ्या हॉटेलासमोरच्या रखमाजीच्या रानात शेततळं खोदताना जेसीबीला एक दगडी खोली लागली. आत जुन्या काळची हाडं, अन् भिंतीवर तांबड्या-पिवळ्या रंगात काढलेला माणूस. मोठे डोळे, हातात कणीस, चेहऱ्यावर आत्ताच जेवून उठल्यासारखं समाधान. शहरातून गंधाली मॅडम आल्या. हाडं पेटीतून गेली, अन् मॅडम बारीक ब्रशनं सुटलेला रंग भिंतीला परत चिकटवून राह्यल्या. म्हणाल्या, "याला हात, तेल, धूर काहीच चालणार नाही. रंग गेला की कायमचा गेला."

खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून राखणीला बसवलेल्या सगुणाबाईनं हे भलतंच मनावर घेतलं. बघायला येणाऱ्याला पदर, रुमाल, जे असंल ते तोंडाला लावायला लावी. "ढेकर बाहेर देऊन ये!" दुपारी पायरीवर भाकरी खाई अन् शेवटचा तुकडा उंच धरून कावळ्याला हाक मारी, "ये रं बाबा, ये!" भिंतीवरच्या माणसालाही ती बाबाच म्हणे. घरी दुसरं कुणी न्हाई, या दोघांशीच तिचं जमायचं.

पण आपल्याकडं जुनं काही निघालं, की शेंदूर लागल्याबिगर राहतं का? गावचे पुढारी काकासाहेब, मोठ्या मिशीवाले, शेंदराचा डबा अन् तेल घेऊनच हजर. त्यांना तिथं देवस्थान पाहिजे होतं, जत्रा पाहिजे होती, अन् वर्गणीच्या पावतीवर अध्यक्ष म्हणून स्वतःचं नाव.

सगुणाबाई दारात आडवी. "काकासाहेब, हे थडगं हाय. याचा दहावा झाला का?"

"मला काय माहीत?"

"मंग सुतक हाय. सुतकात पूजा करता?"

काकासाहेबांसंगं नारळ घेऊन आलेले जल्दी मागं सरले. सुतक म्हणल्यावर कोन पुढं होणार!

काकासाहेब पण वस्ताद. "ठीक हाय. मी घालतो दहावा!"

"घाला की. पण त्याला नात्याचं माणूस लागतं. मिशी काढा."

आम्हाला वाटलं, मिटलं. त्या मिशीला जालन्याहून तेल यायचं, राव! पण दुसऱ्या दिवशी माणूस सफाचट. मीच त्यांना "कुठले पाव्हणे?" म्हणून विचारलं.

सगुणाबाईचा डाव तिच्यावरच उलटला. कावळा शिवला की सुतक फिटलं, सुतक फिटलं की शेंदूर आला. ती आत जाऊन बाबासमोर रडली. रडताना पण पदर तोंडाला घट्ट लावलेला, भिंतीला वाफ लागू नये म्हणून. मला लई वाईट वाटलं.

खोलीपुढं पिंड मांडला. सारं गाव जमलं. कावळा बाभळीवर बसलेला, पण खाली येईना. मेल्याची इच्छा राहिली की कावळा शिवत न्हाई, हे शेंबडं पोरगंही सांगंल. काकासाहेब हात जोडून एकेक कबूल करत गेले.

"बाबा, तुझं मंदिर बांधतो!" कावळा ढिम्म. "संगमरवर बसवतो!" कावळ्यानं पाठ फिरवली. "कळस चढवतो!" यावर कावळ्यानं जे केलं, ते काकासाहेबांच्या खांद्यावर पडलं.

मंग सगुणाबाई पुढं आली. डोळे सुजलेले. "बाबा, तुला कुणी बोट लावणार न्हाई. शेंदूर न्हाई, तेल न्हाई. मी हाय तवर न्हाई. ये रं बाबा, ये!"

कावळा सरळ खाली आला अन् पिंडाला चोच मारली.

गावानं हात जोडले. मेल्याला दिलेला शब्द मोडायची आता कुणाची छाती? काकासाहेबांनी सवयीनं मिशीला पीळ द्यायला हात वर नेला अन् तसाच खाली आणला.

संध्याकाळी मी चहा घेऊन गेलो. हळूच म्हणलं, "मावशे, त्यो रोजचाच कावळा ना?"

"मंग! रोज घास देणारं नात्याचं, का मिशी काढून आलेलं?" ती म्हणाली. "अन् तो कप घेऊन लांब सरक मेल्या, वाफ आत चालली!"