साक्षीदाराची सही

जयपूरच्या खातीपुऱ्यातल्या सरनोबतांच्या घरी सकाळी सहाला दूध तापायला ठेवतात आणि ते वर येईपर्यंत मधुवंतीबाई ओट्यासमोर उभं राहून हवेत हात मारतात. नजर उजव्या बरगडीवर, उजवा हात तिथे, ओढ. नजर डावीकडे, डावा हात तिथे, ओढ. असं दहा वेळा. पॅराशूट उघडताना गुंता झाला तर उजवीकडची मूठ ओढून ते सोडून द्यायचं आणि डावीकडची ओढून राखीव पॅराशूट उघडायचं, त्याचा हा सराव. कामाला येणाऱ्या बाईला पहिले दोन महिने वाटत होतं की मॅडमच्या अंगात येतं. आता तीच भांडी घासता घासता मोजते, 'सात हो गये, मैडम.'

मधुवंतीबाईंचं वय त्रेपन्न. बाहेरचे लोक त्यांना बेफिकीर म्हणतात आणि घरातले भित्री. बाहेरच्यांचं म्हणणं असं की आजी झालेल्या बाईने विमानातून उड्या मारू नयेत. घरातल्यांचं गाऱ्हाणं वेगळंच. गॅसची नळी मुदतीच्या दोन महिने आधी बदलते, झोपताना रेग्युलेटर बंद आहे का ते स्वतः हात लावून बघते, आणि वैशाली नगरच्या बाजारात कोथिंबीर आणायला जायचं असलं तरी स्कूटरवर मागे बसणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट चढवते. पंखा पुसायचा म्हटला की नवऱ्याला, प्रकाशरावांना, खाली शिडी धरून उभं राहावं लागतं. तेरा हजार फुटांवरून उडी मारणाऱ्या बाईला सहा फुटी शिडीची भीती वाटते, असं ते एकदा पाहुण्यांसमोर म्हणाले होते. बाई वरूनच म्हणाल्या, 'शिडीला राखीव शिडी नसते.'

मूळच्या त्या कोल्हापूरच्या. वडिलांना मुलगी बँकेत हवी होती. ती गेली हवाई दलात, शिक्षण शाखेत, आणि आग्र्याला पॅराशूटचं शिक्षण घेऊन आली. सोबतच्या बऱ्याच जणांनी छातीवर लावायचा बिल्ला मिळाला आणि विमानाला रामराम ठोकला. बाईंना चटक लागली. पुढे नोकरीची मुदत संपली, जयपूरला घर झालं, शाळेत गणित शिकवायला लागल्या, पण थंडीतल्या रविवारी शहरापासून तासाभरावरच्या एका खासगी धावपट्टीवर जायचं काही सुटलं नाही.

पॅराशूटने उड्या मारणाऱ्या मंडळींची एक वही असते. प्रत्येक उडीला एक ओळ: तारीख, उंची, वारा, आणि शेवटी साक्षीदाराची सही. ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्याने सही करायची; सही नसेल तर उडी मोजायची नाही. मधुवंतीबाईंच्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांच्याच अक्षरात एक वाक्य आहे: 'अठरा नॉटच्या वर नाही.' नॉट हे वाऱ्याच्या वेगाचं माप. एकतिसाव्या उडीला वारा जास्त होता, पण खाली साहेब लोक खुर्च्या टाकून बसले होते, म्हणून त्या उतरल्या. वाऱ्याने पॅराशूटसकट शेतातून फरफटत नेलं आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. हॉस्पिटलमधून सुटल्यावर आधी ते वाक्य लिहिलं. धावपट्टीवरच्या क्लबची मर्यादा पंचवीस नॉटची आहे आणि अनुभवी माणसाला ती चालतेही. बाईंना क्लबशी काही देणंघेणं नाही. हाड त्यांचं मोडलं होतं.

आता मुलाचं. परीक्षित जयपूरमध्येच, झालाना भागात एका आयटी कंपनीत कामाला. पोरगा गुणी, पण आईच्या प्रत्येक रविवारी ती उतरल्याचा निरोप येईपर्यंत तो फोन हातातून खाली ठेवत नाही. दिवाळीत त्याने आपली तीन महिन्यांची लेक आईच्या मांडीवर ठेवली आणि शब्द मागितला. हजार झाल्या की बास. याला सरळ मराठीत कावा म्हणतात. मांडीवर नात असताना कुठली आजी नाही म्हणेल? बाईंनी शब्द दिला. तेव्हा वहीत नऊशे एक्क्याण्णव ओळी होत्या.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी हजारावी ठरली. प्रकाशरावांनी उत्साहाच्या भरात कॉलनीतल्या बावीस माणसांना आमंत्रण दिलं, मिनीबस केली आणि बायकोच्या फोटोखाली भला मोठा हजाराचा आकडा छापलेला फलक धावपट्टीच्या कुंपणाला बांधला. परीक्षित स्वतः पेढे घेऊन आला होता. एवढा खूश तो आईच्या उडीच्या दिवशी कधी दिसला नव्हता. शेवटची होती ना.

विमानात चढताना वारा चौदा होता. सोबत क्लबमधले सोहम आणि संग्राम, दोघेही तिशीच्या आतले. दार उघडायच्या आधी रीतीप्रमाणे एकमेकांच्या पाठीवरच्या पॅराशूटच्या पिना तपासून झाल्या. बाईंनी आपल्या दोन्ही मुठींना हात लावून घेतला. तेवढ्यात खालून निरोप आला की वारा एकोणीसवर गेलाय आणि झोत तेवीसपर्यंत येताहेत. पंचविसाच्या आत होतं सगळं. पोरांनी अंगठे वर केले आणि सोहमने बाईंकडे पाहिलं.

बाईंनी खाली पाहिलं. पिवळी मोहरी, विजेच्या तारा, कुंपणाला बांधलेला पांढरा ठिपका. आणि त्यांच्या मनात स्पष्ट शब्दांत आलं: जाऊ दे गं, शेवटचीच आहे, सगळे वाट बघतायत. मोजून एवढंच. पण ते ऐकून बाईंच्या अंगावर काटा आला. वाऱ्याला त्या इतक्या वर्षांत घाबरल्या नव्हत्या. तो जेवढा असतो तेवढा सांगून येतो. आज त्या स्वतःला घाबरल्या. बावीस वर्षांपूर्वी खुर्च्यांवरच्या साहेबांसाठी जी बाई उतरली होती, तीच आत पुन्हा बसली होती, फक्त या वेळी साहेबांच्या जागी घरचे होते.

त्यांनी मान हलवली आणि दारापासून मागे सरकून पट्टा लावून घेतला.

पोरांनी उड्या मारल्या आणि दोघेही छान उतरले. हे सांगायलाच हवं, नाहीतर गोष्ट बाईंच्या सोयीची होते. खाली टाळ्या पडल्या. संग्राम तर फलकापासून वीस पावलांवर उतरला. मग विमान आलं आणि त्यातून पाठीवर न उघडलेलं पॅराशूट घेऊन मधुवंतीबाई शिडीने उतरल्या, एकेक पायरी धरून. कुणी म्हणालं, वयाप्रमाणे होतं असं. एका काकूंनी पाणी पुढे केलं आणि चक्कर आली का विचारलं. बाईंनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, वारा जास्त होता. त्यावर शेजारच्या गृहस्थांनी उतरलेल्या दोन्ही पोरांकडे नुसतं पाहिलं. लोकांना मारलेली उडी कळते. न मारलेलीला त्यांच्याकडे नाव नाही.

बाईंना वाईट वाटलं का? वाटलं, चांगलंच वाटलं. कान तापले होते. पण मान खाली गेली नाही. कुंपणापाशी जाऊन त्यांनी स्वतः फलक सोडला, नीट घडी घातली आणि प्रकाशरावांच्या हातात दिला.

मिनीबस परत निघाली. पेढ्यांचा खोका तसाच बांधलेला होता. घरी चहा झाला, सून रुचिता नातीला घेऊन आतल्या खोलीत गेली, आणि परीक्षितचा बांध फुटला. त्याचं म्हणणं, आईने हे मुद्दाम केलं. मतलब, हजारावी झालीच नाही तर शब्द पाळायचा प्रश्नच नाही. दर वेळी वारा, दर वेळी ढग, आणि हजार कधी होणारच नाहीत.

बाईंनी त्याला पूर्ण बोलू दिलं. शाळेतही त्या आधी चुकीचं गणित शेवटपर्यंत सोडवू देतात. मग पिशवीतून वही काढली, नवी ओळ आखली आणि लिहिलं: तारीख, तेरा हजार फूट, वारा एकोणीस, झोत तेवीस. उडीच्या क्रमांकाच्या जागी रेघ. शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून त्यांनी वही मुलापुढे सरकवली.

'सही कर.'

'उडी झालीच नाही, आई. सही कशाची?'

'परत आल्याची. तू पाहिलंस ना मला उतरताना?'

बाईंनी मग त्याला दारातलं सगळं सांगितलं, आत ऐकू आलेलं वाक्यसुद्धा. आवाज चढला नाही, पण एक शब्द गिळला नाही. म्हणाल्या, 'नऊशे नव्व्याण्णव वेळा मी दारात उभी राहिले, तेव्हा पुढची उडी नेहमी शिल्लक होती. म्हणून नाही म्हणता यायचं. तू ती काढून घेतलीस, आणि आज मी त्या वाऱ्यात जाणार होते. केवळ शेवटची म्हणून. तुला दिलेला शब्द मी परत घेते, परीक्षित. नातीची शपथ घातलीस तरी पुन्हा देणार नाही.'

'आणि कधी थांबणार?'

'नाही म्हणायला जड जाईल तेव्हा. आज गेलं होतं, थोडक्यात वाचले.'

प्रकाशराव मध्ये काहीतरी बोलणार होते, पण त्यांनी चहाचा रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

परीक्षितने वही ओढून घेतली. वाटलं, मिटून बाजूला ठेवणार. पण तो मागची पानं उलटत गेला. आईच्या उड्यांची ही वही त्याने तोवर कधी उघडली नव्हती. घरात ती कपाटात दागिन्यांशेजारी असायची आणि तो तिच्याकडे बघायचंही टाळायचा. अकरा, चौदा, नऊ, सोळा, सतरा. वाऱ्याच्या रकान्यावरून त्याचं बोट खाली खाली येत राहिलं. एकतिसाव्या ओळीवर ते थांबलं. तिथे सव्वीस होता, आणि नंतर मारलेल्या एकाही उडीला अठराच्या वर काही नव्हतं. त्याने ते दोनदा तपासलं, आईचाच मुलगा तो.

मग त्याने पेन मागितलं. सही केली, आणि सहीखाली त्याने, कुणी सांगितलं नसताना, लिहिलं: सुखरूप.

हजारावी पुढच्या रविवारी झाली, फलक नाही, मिनीबस नाही, वारा आठ. सोमवारी सकाळी दूध वर येईपर्यंत बाईंचे दहा हात मारून झाले होते. एक हजार एकावी त्याच्या पुढच्या रविवारी झाली.